मशीनमध्ये धुतल्यावर आईच्या पाचूत पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या. काय करू?

मेधा_ठाणे
८ सप्टेंबर, रात्री १०:५०

नमस्कार. मी इथे एरवी वाचायलाच येते, प्रश्न पहिल्यांदाच विचारतेय. थोडं लांबेल, पण तपशील दिल्याशिवाय कुणाला नीट सांगता येणार नाही.

मार्गशीर्षात माझ्या मुलीचं लग्न आहे. म्हणून घरातले जुने दागिने बाहेर काढले: आईची पाचूची अंगठी, माझ्या आजेसासूबाईंची मोत्यांची नथ आणि एक तन्मणी. अंगठी बाबांनी १९८४ साली आईला करून दिली होती. पाचू लांबट चौकोनी, कोपरे कापलेला, सव्वादोन कॅरेटच्या आसपास. खालून उघडी, चार कोपऱ्यांवर सोन्याच्या नख्या. आईने ती बोटातून कधी काढली नाही. भाकऱ्या थापल्या, भांडी घासली, आम्हा तिघांना न्हाऊमाखू घातलं, सगळं अंगठीसकट. दोन वर्षांपूर्वी तिची बोटं सुजायला लागली, तेव्हा साबण लावून कशीबशी काढली आणि "नातीला दे" म्हणून माझ्या हातात ठेवली.

गेल्या शनिवारी एका दुकानात तिन्ही दागिने दाखवायला नेले. काउंटरवरच्या मुलाने अंगठी जाळीच्या टोपलीत घातली आणि अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये सोडली. पाचेक मिनिटं झाली असतील. बाहेर आली तेव्हा सोनं लखलखत होतं, पण पाचू बघून माझ्या पोटात गोळाच आला. आत तीन पांढऱ्या रेघा. एक तर कोपऱ्यापासून थेट मध्यापर्यंत गेलेली. रंगही धुरकट झालाय. दुकानदार म्हणाले, "खड्यात आधीपासूनच दोष होता, मळामुळे दिसत नव्हता." नशीब, नथ आणि तन्मणी मी तोपर्यंत पर्समधून काढले नव्हते.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. जो खडा चाळीस वर्षं स्वयंपाकघरात टिकला तो पाच मिनिटांत कसा बिघडला? तो परत पहिल्यासारखा होईल का? आणि नथीचे मोती पिवळसर झालेत, एकाचा तर पापुद्रा सुटल्यासारखा दिसतो, तिला घरच्या घरी हात लावावा की नाही?

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, नाशिकला असते. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

---

अभय_सं
८ सप्टेंबर, रात्री ११:२०

मला वाटतं पाचू खरा नसावा. खरं रत्न पाण्याने आणि साबणाने बिघडत नाही. आमच्या घरातली हिऱ्याची कुडी दर दिवाळीला त्याच मशीनमध्ये धुतात, काही होत नाही. आधी खडा तपासून घ्या, मगच खर्च करा.

---

जडणकाम
९ सप्टेंबर, सकाळी ६:१५

मेधाताई, रात्रीच वाचलं होतं, पण मोबाइलवर एवढं लिहिणं जमेना म्हणून सकाळी बसलो. मी १९७९ ते २०१६ झवेरी बाजारात खडे बसवायचं काम केलं. आता चौलला गावी असतो. तुमची अंगठी मी पाहिलेली नाही, पण तुम्ही जे वर्णन केलंय ते माझ्या समोर खूपदा येऊन गेलंय.

आधी अभयरावांना सांगतो, गोष्ट बरोबर उलट आहे. तो खडा काचेचा असता तर बहुधा जसा आत गेला तसाच बाहेर आला असता. अशा रेघा उमटतात त्या खाणीतून निघालेल्या पाचूत. पाचू जमिनीखाली तयार होतानाच त्याच्या पोटात भेगा पडतात. अगदी निर्मळ पाचू फार विरळा, आणि त्याची किंमत आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची. म्हणून पाचू घडवून झाला की त्याला तेल पाजतात. देवदार जातीच्या लाकडाचं तेल वापरतात, हल्ली राळेसारखी रसायनंही. ही फसवणूक नाही, बाजारातले बहुतेक पाचू असेच असतात. फसवणूक होते ती हे गिऱ्हाइकाला न सांगण्यात.

तेलाने काय होतं ते सांगतो. वडापाव बांधलेला कागद आठवा. कोरा असतो तेव्हा पलीकडचं दिसत नाही, तेल झिरपलं की तिथेच कागद पारदर्शक होतो. भेगेत हवा असली की उजेड तिथे अडून परत फिरतो आणि डोळ्याला पांढरी रेघ दिसते. त्याच भेगेत तेल भरलं की उजेड जवळजवळ सरळ पार जातो. भेग जागच्या जागीच असते, फक्त दिसेनाशी होते.

आता तुमचं मशीन. त्यात गरम साबणपाणी असतं आणि आवाजाच्या लहरींनी त्या पाण्यात बारीक बारीक बुडबुडे तयार होऊन फुटत राहतात. सोन्याच्या कोनाकोपऱ्यातला मळ त्यानेच निघतो. तोच मारा पाचूच्या भेगेवर झाला की आतलं तेल बाहेर ओढलं जातं. आधीची भेग हादऱ्याने आणखी पुढेही सरकू शकते. तुमच्या आईच्या अंगठीत मूळचं तेल बरंचसं उरलेलं नसणार. चाळीस वर्षांच्या साबणाने, गरम पाण्याने ते हळूहळू गेलं, आणि त्या जागी स्वयंपाकातलं तूप-तेल, पिठाचा मळ असं काहीबाही जाऊन बसलं. दुकानदाराचं "मळामुळे दिसत नव्हतं" हे त्या अर्थी अर्धं खरं आहे. पण दागिन्यांचं दुकान चालवणाऱ्याने पाचू मशीनमध्ये घालायचा नसतो, हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. अंगठी हातात घेताच त्याने नाही म्हणायला हवं होतं. मला या गोष्टीचा राग येतो. सोन्याची चमक पाच मिनिटांत दाखवता येते म्हणून सगळं एकाच टोपलीत जातं.

तुमचा मूळ प्रश्न टिकाऊपणाचा आहे, आणि तिथेच सगळ्यांची गफलत होते. लोक विचारतात, "खडा किती कडक आहे?" कडकपणा मोजायची पट्टी फ्रीडरिख मोस या जर्मन खनिजतज्ज्ञाने १८१२ साली घालून दिली. शंखजिरं एक नंबरला, हिरा दहाला. मध्ये गारगोटी सातवर, टोपाझ आठवर, कुरुंद नऊवर. माणिक आणि नीलम म्हणजे रंगीत कुरुंदच. चाकूसुऱ्यांना धार लावायला जो कुरुंद वापरतात तेच खनिज, आणि इंग्रजांनी नावही आपल्याकडूनच उचललं. पाचू साडेसात ते आठ. पण ही पट्टी एवढंच सांगते की कोण कोणाला ओरखडेल. पडला तर फुटेल का, हे ती सांगत नाही. त्याला चिवटपणा लागतो आणि तो वेगळा गुण आहे. जेड साडेसहाच्या आतबाहेर, पण इतका चिवट की अश्मयुगात माणसांनी त्याच्या कुऱ्हाडी केल्या. उलट हिरा सगळ्यांत कडक, तरी ठरावीक दिशेला टोला बसला की सरळ चिरतो. हिरे पैलू पाडणारे पूर्वी हिरा असाच फोडायचे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. १९८६ साली एका बाईंचा टोपाझ माझ्याकडे अंगठीत बसवायला आला होता. आठ नंबरचा खडा, मला वाटलं घाबरायचं कारण नाही. नखी दाबताना हात जरासा जास्त पडला आणि खडा आडवा दुभंगला. आवाजसुद्धा झाला नाही. उस्तादांनी तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि भिंगातून बघायला लावला. तुटलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत होती, जणू कुणी मुद्दाम कापून पॉलिश केली असावी. टोपाझला एका दिशेने सरळ चिरण्याची खोडच असते. त्या खड्याचे पैसे मी सात महिने पगारातून फेडले. तेव्हापासून हातात खडा आला की त्याचा आकडा मी नंतर विचारायचो. आधी विचारायचो, हा फुटतो कसा?

आणि तिसरी गोष्ट, खडा काय सोसतो. उष्णता, आम्ल, ऊन, घाम. मोती आणि पोवळं हे दोन्ही मुळात चुनखडीच. लिंबू, चिंच, व्हिनेगर लागलं की वरचा थर खाल्ला जातो. ॲमेथिस्ट महिनोन्‌महिने उन्हात ठेवला तर रंग उडतो. फिरोजा अंगाचं तेल पिऊन हिरवट पडतो. यातलं काहीच त्या एक ते दहाच्या आकड्यात दिसत नाही.

पाचू मधोमध पडतो. ओरखडे सहज उठत नाहीत, पण भेगांमुळे टोला सोसत नाही आणि तेलामुळे उष्णता व साबण सोसत नाही. तुमच्या खड्याचे कोपरे कापलेत ना, तो पाचूचाच खास घाट. कोपरा टोकदार ठेवला तर पहिला टवका तिथेच उडतो, म्हणून.

परत पहिल्यासारखा होईल का? जवळजवळ. खडा आधी अंगठीतून काढून भेगा द्रावकाने साफ करतात, मग हवा काढून घेऊन दाबाखाली कोमट तेल भरतात. जयपूरला हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं, मुंबईतही करणारे आहेत. दोन गोष्टी मात्र आधी करा. एक, प्रयोगशाळेचा दाखला घ्या. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया मुंबईतच आहे. खडा नैसर्गिक आहे का आणि भेगा किती, ते कळेल. दोन, तेल भरणाऱ्याला स्पष्ट सांगा की बिनरंगी तेलच हवं. हिरवा रंग मिसळलेलं तेल वापरणारेही आहेत. खडा घरी येईपर्यंत छान दिसतो, आणि तेल सुकलं की रंग भेगेच्या कडेला उरतो.

एक विचारू का? कोपऱ्यातून निघून मध्यापर्यंत जाणारी जी रेघ म्हणता, ती मला जन्मजात वाटत नाही. जन्मजात भेगा वेड्यावाकड्या असतात, मध्येच सुरू होतात, मध्येच संपतात. कोपऱ्यातून सरळ आत गेलेली म्हणजे कधीतरी टोला बसलेला असतो. आईंना विचारून बघा.

नथीचं दुपारी लिहितो. मोती हा माझा हात नव्हे, पण थोडंफार ठाऊक आहे.

---

पेणची_लेक
९ सप्टेंबर, सकाळी ११:०५

काका, नथीचं मी लिहू का? माझं माहेर पेणचं. माझे वडील मंगळसूत्रं, मोत्यांच्या माळा गाठवायचे आणि मीही अकरावीपासून त्यांच्याजवळ बसून शिकले. आता कल्याणला घरूनच गाठवायचं काम घेते.

मेधाताई, पहिली गोष्ट, पिवळेपणाला घाबरू नका. जुने बसरा मोती म्हणजे इराणच्या आखातातले नैसर्गिक मोती, ते मुळातच दुधी-पिवळसर असतात. नथ खरंच आजेसासूबाईंच्या सासरची असेल, तर ती ज्या काळात घडली तेव्हा हे मोती आखातातून मुंबईच्याच बाजारात यायचे. जपानी कल्चर मोती नंतर बाजारात आले. त्या पिवळेपणाला मान आहे. पांढरे करून देतो म्हणणाऱ्याकडे चुकूनही देऊ नका, त्यासाठी वापरतात ते रसायन मोत्याचा थर मारतं.

पापुद्रा सुटलेला मोती मात्र बरा होत नाही. मोती म्हणजे कांद्यासारखे थरांवर थर. वरचा एक सुटला म्हणून कुणी कुशल कारागीर तो सोलून खालचा चकचकीत थर काढतात खरे, पण त्यात मोती लहान होतो आणि आत चांगला थर निघेलच याची हमी नसते. मी तुमच्या जागी असते तर त्याला तसाच ठेवला असता आणि नथ घालताना ती बाजू गालाकडे वळवली असती.

घरी काय करायचं? मऊ सुती कापड, जुनं धुवट धोतर सगळ्यांत उत्तम, साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं आणि एकेक मोती टिपायचा. घासायचा नाही. मग कोरड्या कापडावर रात्रभर उघडी ठेवायची. बुडवायची नाही, कारण मोत्याच्या भोकात पाणी शिरलं की तारेपाशी ओल राहते. टूथपेस्ट, सोडा, लिंबू, रिठे, काही नाही. रिठ्याच्या पाण्याने सोन्याच्या बांगड्या धुवा, नथ नको. आणि धूळ पदराने कोरडी पुसायची सवय तर सगळ्यांनाच असते. धुळीत गारगोटीचे कण असतात, काकांनी लिहिलंय ना सात नंबर, आणि मोती तीनच्या आसपास. पुसतो म्हणताना आपण तो घासतच असतो.

लग्नात सगळ्यांत जास्त नुकसान कशाने होतं सांगू? हळदीने. परवाच एकीची चिंचपेटी आलेली, हळदीच्या दिवशी गळ्यात होती म्हणून भोकाभोवतीचे मोती केशरी झालेत. तो डाग आता जाणार नाही, आणि त्या मुलीच्या आईचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुमच्या लेकीला हळदीला खोटे मोती घाला, कुणाला कळत नाही. लग्नाच्या दिवशी पावडर, अत्तर, केसांचा स्प्रे सगळं उरकून झाल्यावर शेवटी नथ. काढताना सगळ्यांत आधी नथ, ओल्या कापडाने टिपून मगच डबीत.

तन्मणी उघडून बघा. सर कशात ओवलाय? दोन मोत्यांच्या मध्ये नखाच्या जाडीची फट दिसत असेल तर दोरा ताणलाय, लग्नाआधी पुन्हा गाठवून घ्या. आमच्याकडे गणपतीत एका आजींची माळ आरती चालू असताना तुटली होती. त्यातले तीन मोती अजून सापडलेले नाहीत. ते सर प्रत्येक मोत्यापुढे गाठ मारून ओवलेले असते तर एकच सुटला असता.

---

जडणकाम
९ सप्टेंबर, दुपारी ३:४०

पेणच्या ताई, तुम्ही लिहिलंत ते माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंत. मी फक्त तन्मणीच्या खोडाचं, म्हणजे मधल्या पदकाचं, सांगतो. खोडात खडे कोंदणात बसवलेले असतील, म्हणजे मागून सोन्याने बंद, तर ते पाण्यात बुडवूच नका. अशा कामात खड्याखाली चांदीचा पातळ वर्ख असतो, त्याने खडा उजळ दिसतो, आणि आत लाख भरलेली असते. पाणी शिरलं की वर्ख काळा पडतो आणि खडा मेल्यासारखा दिसायला लागतो. वरून कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, बास.

खोडातला लाल खडा तपासताना तो नैसर्गिक निघाला नाही तर मन लहान करू नका. फ्रान्सच्या ऑग्युस्त व्हर्न्यूई यांनी भट्टीत माणिक तयार करायची रीत १९०२ साली जाहीर केली आणि पुढे तसे माणिक जगभर पसरले, आपल्या जुन्या दागिन्यांतही भरपूर आहेत. तोही अस्सल कुरुंदच, नऊ नंबरचा. किंमत कमी, टिकाऊपणा तोच.

जपायचं ते वेगळ्याच माणकाला. गेल्या वीस वर्षांत भेगांत शिशाची काच भरलेले माणिक फार आलेत. दिसायला सुंदर, किमतीला स्वस्त. त्यातली काच लिंबाच्या रसानेसुद्धा खाल्ली जाते. चिंच-लिंबाने तांब्याची भांडी घासताना अशी अंगठी बोटात असली तर खड्यावर पांढरे ओरखडे उमटतात. सोनाराच्या झाळकामाची, म्हणजे सोनं तापवून जोडण्याची, उष्णता आणि आम्ल तर तिला मुळीच चालत नाही. कुठलीही खड्याची अंगठी माप कमी-जास्त करायला दिली की विचारा, खडा काढून झाळणार की तसाच? पाचू असेल तर काढूनच.

---

राहुल_मेलबर्न
९ सप्टेंबर, सायंकाळी ५:३०

विषय निघालाच आहे म्हणून. इथे येणारे सगळे पाहुणे ओपल घेऊन जातात आणि मग तिकडून फोन येतो की धुरकट झालं. ओपल साडेपाच ते साडेसहा नंबरचं, आणि त्यात मुळातच पाणी असतं. पण धुरकट होण्याचं कारण बहुतेक वेळा खड्याचं नसून जोडणीचं असतं. स्वस्त ओपल म्हणजे खाली काळा दगड किंवा काच, मध्ये ओपलची पातळ चकती, कधी वरून पारदर्शक टोपी, सगळं गोंदाने चिकटवलेलं. बेसिनवर हात धुताना पाणी शिरतं आणि थर सुटतात. बाजूने बघा, सरळ रेघ दिसली तर चिकटवलेलं आहे. अखंड ऑस्ट्रेलियन ओपल ओल्या कापडाने पुसलेलं चालतं. इथिओपियाचं ओपल हा वेगळाच प्रकार, त्यातलं बरंचसं पाणी शोषून घेतं आणि तेवढ्यापुरता रंगाचा खेळ गायब होतो. सुकायला दिवस लागतात, घाई करून उन्हात ठेवू नका, तडकतं.

---

अभय_सं
९ सप्टेंबर, रात्री ९:१०

मी चुकीचं लिहिलं होतं, मेधाताई, क्षमस्व. काका, एक शंका. माझ्या वडिलांची नवरत्नाची अंगठी आहे, ती मी रोज घालतो. नऊ वेगवेगळे खडे, तर ती कशी धुवायची?

---

जडणकाम
१० सप्टेंबर, सकाळी ६:३०

अभयराव, त्यातल्या सगळ्यांत नाजूक खड्याला काय चालेल तेवढंच करायचं. हिरा, माणिक, नीलम, पुष्कराज, लसण्या यांना साबणपाणी आणि मऊ ब्रश चालला असता. पण शेजारी मोती आणि पोवळं आहे, आणि पाचू आहे. म्हणून ओलं कापड, एवढंच. पुष्कराज खरा म्हणजे पिवळा नीलम, नऊ नंबर. पण त्या नावाखाली टोपाझही विकतात, तो वर सांगितला तसा चिरतो. खडा कोणता ते माहीत नसेल तर नाजूक समजूनच वागवा. आणि रोज घालताय तर मोती-पोवळं झिजून चपटं झालंय का, ते बघा. रोज वापरायच्या अंगठीत त्यांची जागा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. सणावाराला घाला.

काही घरांत अंगठी घालण्याआधी रात्रभर पंचामृतात ठेवतात. श्रद्धा असेल तर क्षणभर बुडवा आणि लगेच पाण्याने धुऊन टिपा. दही आंबट असतं, रात्रभरात मोत्याची झळाळी उतरते.

महिन्यातून एकदा अंगठी कानाशी धरून नखाने हलकी टिचकी मारा. आतून टिकटिक आवाज आला तर खडा सैल आहे. लोकरीचा धागा नख्यांवरून फिरवा, अडकला तर नखी उचललेली आहे. खडे फुटून जातात त्यापेक्षा किती तरी जास्त निसटून मोरीत जातात. म्हणून धुवायचं ते पातेल्यात, वाहत्या नळाखाली कधी नाही. आणि सगळे दागिने एकाच डबीत नकोत. हिरा शेजारच्या माणकालाही ओरखडतो. प्रत्येकाची मलमलची वेगळी पुरचुंडी करा.

---

मेधा_ठाणे
२७ ऑक्टोबर, रात्री १०:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. उशीर झाला, पण काम पूर्ण झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

दाखला मिळाला. पाचू नैसर्गिक आहे. भेगांत तेलाचे अवशेष सापडले, म्हणजे काकांनी लिहिलं तसंच. ओळखीतून जयपूरच्या एका कारागिरांकडे खडा गेला, बिनरंगी तेल असं पावतीवर लिहून घेतलं. देण्याआधी खड्याचं वजन केलं आणि टॉर्च लावून चारी बाजूंनी फोटो काढले. तीन आठवड्यांनी परत आला. दोन रेघा शोधूनही सापडत नाहीत. तिसरी, ती कोपऱ्यातली, उजेडात तिरपं धरलं की केसासारखी दिसते.

नथ पेणच्या ताईंनी सांगितलं तशीच टिपली. तन्मणीच्या सरात खरंच नखाएवढी फट होती, तो गाठवायला त्यांच्याकडेच देतेय.

शेवटी नाशिकला जाऊन आईला सगळं सांगितलं. तिला वाईट वाटेल म्हणून मी दीड महिना मनात धरून होते. तिने अंगठी हातात घेतली, खिडकीपाशी नेली, चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली. काकांनी विचारायला सांगितलं होतं म्हणून विचारलं, कधी कुठे आपटली होती का गं? ती लगेच म्हणाली, "हापशावर." आमच्या जुन्या वाड्यात समाईक हापसा होता. धाकट्या भावाच्या बारशाच्या दिवशी, म्हणजे १९८९ साली, पाणी भरताना दांडा सटकला आणि हात खालच्या लोखंडावर आपटला. बोट आठ दिवस सुजलेलं होतं. अंगठीकडे कुणी बघितलंच नाही. "मला वाटलं, बोटच काय ते दुखलं," म्हणाली.

काका, एक शेवटचं. तो कोपरा आता नाजूक आहे, तर मुलीने लग्नात दिवसभर घातली तर चालेल का?

---

जडणकाम
२८ ऑक्टोबर, सकाळी ६:१०

चालेल. त्या कोपऱ्यावरची नखी थोडी रुंद करून घ्या, व्ही आकाराची, म्हणजे टोला सोन्यावर बसेल. नखी बदलताना खडा आधी काढायला सांगा, झाळकाम त्याच्याशिवाय. उजव्या हातात नको, डाव्या हातात घालू दे. अक्षता, हस्तांदोलनं, ताटं उचलणं सगळं उजव्याने होतं. आणि मेंदी पूर्ण सुकून झडल्यावरच बोटात जाऊ दे.

आईंना नमस्कार सांगा. १९८९चा टोला त्या खड्याने इतकी वर्षं सोसला, म्हणजे बसवणाऱ्याने खड्याचं घर छान केलं होतं. नाशिकला कुणी बसवला होता, बाबांच्या जुन्या पावतीवर नाव असेल तर मला जरूर कळवा.